शाहिराचा शब्द आणि समाज

छापलेली कविता एकांतांत वाचली जाते. शाहिराची कविता जमावासमोर उभी राहते. पुस्तक कंटाळा येतांच मिटतां येतें, पण डफावर थाप पडली कीं समोरच्या माणसाला उठून जाणें अवघड होतें. कवितेनें समाज हलवूं पाहणाऱ्याला हा भेद ठाऊक असावा लागतो. महाराष्ट्रांत तो ज्यांनीं पुरता ओळखला, त्यांत शाहीर अण्णा भाऊ साठे यांचें नांव अग्रभागीं येतें.

१ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांव येथें एका मांग कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. शाळेशीं त्यांचा संबंध दीड दिवसापुरताच आला, असें सांगतात. पोटासाठीं हें कुटुंब पायीं चालत मुंबईस आलें. तेथें अण्णा भाऊंनीं मिळेल तें काम केलें, गिरणींत मजुरीहि केली. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभारलें.

त्या काळीं गिरणगांवांतील पुष्कळांना वर्तमानपत्र वाचतां येत नव्हतें. स्टालिनग्राडचा संग्राम आणि बंगालचा दुष्काळ अण्णा भाऊंनीं कवनांतून त्यांच्यापर्यंत नेला. शाहिरानें चरण टाकावा, झीलकऱ्यांनीं तो उचलावा. या रीतीनें दूरची वार्ता ऐकणाऱ्याच्या घरची होई.

परंतु त्यांचें खरें धाडस तमाशाच्या बाबतींत दिसतें. हा खेळ सभ्य घरांत हीन मानला जाई, आणि तो जिवंत ठेवणाऱ्या जातींनाहि तोच हीनपणा चिकटे. अण्णा भाऊंनीं तमाशा टाकला नाहीं. तो आंतून बदलला. गणाच्या जागीं गणेशवंदनेऐवजीं मातृभूमीला वंदन आलें. गौळण गळाली. सोंगाड्याचा विनोद सावकार व पुढारी यांच्यावर रोखला गेला. ढोलकी व तुणतुणें तेंच, हजरजबाबीपणाहि तोच. मात्र हंसें कोणाचें व्हावें, हें आतां कष्टकरी ठरवूं लागला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें तमाशावर निर्बंध आणले, तेव्हां हाच प्रकार लोकनाट्य या नांवानें लोकांसमोर आला.

अशा काव्याला प्रचार म्हणून बाजूस सारणारे रसिक आहेत. त्यांच्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं; घोषणेला चाल लावल्यानें कविता होत नसते. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील त्यांची मैनेची छक्कड लक्षांत घेण्यासारखी आहे. गांवीं पत्नीला ठेवून मुंबईंत राबणाऱ्या मजुराचा विरह तिच्यांत प्रथम येतो. तो विरह मनांत मुरल्यावर मग प्रदेशाची ताटातूट येते. राजकारण तेथें दुःखाच्या मागून चालत येतें, आणि म्हणून तें पटतें.

२ मार्च १९५८ रोजीं मुंबईंत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचें उद्‍घाटन करतांना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून दलितांच्या व श्रमिकांच्या हातांवर तोललेली आहे, अशा आशयाचा विचार त्यांनीं मांडला. जुनी लोककल्पना घेऊन तिचा भार दुसऱ्या खांद्यावर ठेवणें, ही त्यांची शाहिरी रीतच होती. १९५९ सालीं ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६१ सालीं तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं त्यांना रशियाचा प्रवासहि घडला.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. शाहिरांच्या आवाजाचा त्यांत मोठा वांटा होता. बेळगांव व कारवार मात्र बाहेरच राहिले. स्वतः अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरांतील झोपडींत दीर्घकाळ राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजीं हलाखींतच निवर्तले. ज्यांच्या शब्दावर मैदानें भरलीं, त्यांची उपजीविका समाजाला सांभाळतां आली नाहीं. गाण्यानें जागा झालेला समाज गाणाऱ्याचें ऋण कसें फेडतो, हा प्रश्न त्यामुळें शाहिराकडे नव्हे, श्रोत्यांकडे येतो.