बोटांनी ठरणारा भाव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, देशभरातून आलेले शास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक, आणि मंडपाच्या अगदी शेवटी संकोचून उभे असलेले मेंढपाळ बंधू-भगिनींनो, (आधी तुम्ही पुढे येऊन बसा, या खुर्च्या देणगीदारांसाठी राखल्या होत्या, पण ते यायला अजून अवकाश आहे)

फलटण नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले स्वागत करतो. जनावरांतील जनुकीय वैविध्य आणि मांसाची प्रत हा परिषदेचा विषय जाहीर झाला, तेव्हा गावात पहिला प्रश्न निघाला तो हा, की ही परिषद फलटणलाच कशासाठी? महानुभाव पंथीय या गावाला दक्षिण काशी मानतात, येथे जैन मंदिरे आहेत, ज्ञानोबा माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करीत येथे मुक्कामाला येते. अशा गावी मटणाची चर्चा? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून स्वागत करणे बरे नव्हे. पण ज्या वाटेने पालखी येते त्याच वाटेवरचे लोणंद हे दख्खनी मेंढीच्या एका वाणाचे नाव आहे. लोणंदी मेंढी म्हटली की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे आपला हाच पट्टा येतो. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. नीरेचा उजवा कालवा पोचला तेथे ऊस, आणि जेथे पोचला नाही तेथे कुसळे आणि मेंढरे. त्या माळावरच्या धनगराचे पोट एकेकाळी लोकरीवर आणि घोंगडीवरही चाले. लोकरीला आता कोणी विचारत नाही. उरले ते शेतात मेंढरे बसवून मिळणारे धान्य किंवा पैसे, आणि विकलेले कोकरू. ज्याच्या संसाराचा आधार कोकराच्या भावावर आहे, त्याला तो भाव कशावर ठरतो हे कळावे, यात कोणाच्याच धर्माला बाध येत नाही. मांसाहार न करणाऱ्या देणगीदारांनीही सढळ हाताने मदत केली. ती रक्कम फक्त मंडप आणि पाण्यावर खर्च व्हावी एवढीच त्यांची अट होती. कोषाध्यक्षांनी त्यासाठी निराळी वही घातली आहे.

गावाविषयी थोडे बोलतो. थोडेच, असे मी समितीला कबूल केले आहे. फलटण ही नाईक निंबाळकरांची गादी. शिवछत्रपतींच्या राणी आणि शंभूराजांच्या मातोश्री सईबाई या घराण्यातल्या, आणि महाराजांच्या कन्या सखुबाई याच घराण्यात दिल्या. लेक आणली, लेक दिली, असे हे दुहेरी सोयरिकीचे गाव. राममंदिर, जबरेश्वर आणि मुधोजी मनमोहन राजवाडा आपण पाहालच. परंतु राजवाड्याइतकाच अभिमान वाटावा अशी एक व्यक्ती या गावाच्या नावाशी जोडलेली आहे, आणि बाहेरच्यांना ती फारशी ठाऊक नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकेतल्या क्वेकर घरातली मुलगी. विष्णू निंबकरांशी लग्न करून ती भारतात आली आणि कमलाबाई झाली. अपघाताने किंवा आजाराने अपंग झालेल्या माणसाला पुन्हा हाताने काम करता यावे, यासाठीचे व्यवसायोपचाराचे शास्त्र त्यांनी या देशात रुजवले. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी त्याचे शिक्षण सुरू केले. आज फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांचे नाव चालवते. ती उभी केली मॅक्सिन बर्नसन यांनी, म्हणजे पुन्हा अमेरिकेतच जन्मलेल्या बाईंनी, आणि तीही मराठी माध्यमाची! मराठी शाळांच्या काळजीने व्याकूळ होणाऱ्यांनी जाता जाता तेथे डोकावावे. आता मेंढीशी याचा संबंध काय, असे आपण मनात म्हणत असाल. संबंध एवढाच, की कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये येथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या पत्नी. त्या संस्थेत जे घडले, त्याच्या आधारानेच मला आज एक मुद्दा मांडायचा आहे.

सुंदरबनातली गरोल मेंढी दिसायला अगदी खुजी, पण एका वेताला दोन-तीन कोकरे देणारी. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि त्यांच्यातला जुळ्यांचा गुण तिथल्या बुरूला मेरिनो कळपांत टिकून राहिला. या गुणामागचा जनुकातला नेमका बदल २००१ मध्ये सापडला. त्याला फेक-बी म्हणतात. फलटणच्या संस्थेने १९९०च्या दशकात गरोल मेंढ्या आणून हा जनुक दख्खनी मेंढीत उतरवला आणि त्यातून नारी सुवर्णा मेंढी तयार झाली. जनुकाची एक प्रत असली की वेताला सरासरी एकाऐवजी दीडच्या आसपास कोकरे होतात. दोन प्रती असल्या की तिळी वाढतात, आणि माळावरच्या चाऱ्यावर तिळ्यांना आईचे दूध पुरत नाही. शास्त्रज्ञांनी कळप धनगरांच्या वाड्यावर राहू दिले, कोकरे तेथेच मोजली, तेथेच तोलली. जनुक तोच असतो, पण त्याची किंमत गोठा, चारा आणि राखणारा माणूस ठरवतात, हे त्या मोजणीतून दिसले. मांसाच्या प्रतीलाही हाच न्याय लागू आहे, आणि बाहेरची खूण किंवा बाहेरचा नर आणण्याआधी आपण आपल्या बाजारात आणि आपल्या पातेल्यात मोजमाप केले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

गोमांसाच्या जातींवर जगभर झालेले काम पाहा. बेल्जियन ब्लू गायींच्या मायोस्टॅटिन जनुकात अकरा अक्षरे गळाली आहेत, हे १९९७ मध्ये कळले. स्नायूंना आवर घालणारा लगामच तुटल्यामुळे या जनावराचे मांस भरपूर, चरबी कमी आणि मऊ. पण वासरू इतके भरदार की बहुतेक गायींची प्रसूती पोट फाडूनच करावी लागते. जपानात बाजार मांसातल्या चरबीच्या नक्षीची प्रतवारी करतो, भाव त्या प्रतीवर मिळतो, म्हणून पैदासही त्याच दिशेने गेली. परिणाम असा, की आजच्या जवळजवळ सगळ्या काळ्या वाग्यू गायींची वंशावळ १९३९ साली जन्मलेल्या ताजिरी नावाच्या एकाच वळूपर्यंत जाते. प्रत मिळाली, वैविध्य आटले. वशिंडाच्या गायींचे रक्त जसे वाढते तसे मांस निबर होत जाते, असे अमेरिकेतल्या मोजमापांत पुन्हा पुन्हा दिसले. कॅल्पेन हे विकर कापलेल्या मांसातले तंतू हळूहळू सैल करते, आणि कॅल्पास्टॅटिन त्याला अडवते. या गायींत अडवणारे जास्त असते. मेंढीतही १९८३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका मेंढ्यात कॅलिपिज नावाचा बदल आढळला. पुठ्ठे असे भरले की खाटकाने खूश व्हावे, पण कमरेचे मांस चामड्यासारखे चिवट. तेथेही कॅल्पास्टॅटिनच वाढलेले होते.

आता आपल्याकडे या. कॅल्पेनला काम करायला वेळ लागतो. परदेशात मांस शीतगृहात कित्येक दिवस टांगून ठेवतात, आणि जनुकांमधला फरक त्या दिवसांत उघड होतो. आपल्याकडे पहाटे कापलेले मटण दुपारी ताटात असते. ज्या जनुकाच्या खुणेसाठी परदेशी पैदासकार पैसे मोजतात, तिला आपल्या दुकानात काम करायला अवधीच मिळत नाही. आपल्या पातेल्यात फरक पडतो तो तंतूंना बांधणाऱ्या संयोजी ऊतींचा. त्या वयाबरोबर घट्ट होत जातात, म्हणून गिऱ्हाईक "कोवळे द्या" म्हणते.

यावर आक्षेप येईल की, कुकरच्या चार शिट्ट्यांत सगळेच मऊ होते, मग प्रतीची चिंता कशाला? कुकर संयोजी ऊती विरघळवतो हे खरे, पण चव आणि रस तो परत आणत नाही. शिवाय बाजारात नेताना हाकून-हाकून दमलेल्या, तहानलेल्या जनावराचे स्नायूंतले साखरेचे साठे संपतात आणि मांस काळपट, कोरडे होते. तेथे कोणताही जनुक उपयोगी पडत नाही; पाण्याची डोणी उपयोगी पडते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. गिऱ्हाईकाला फरक कळत असेलही, पण मेंढपाळाला तो भाव मिळतो कुठे? बाजारात व्यापारी कोकराच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटे रोवतो, मांसाचा थर चाचपतो, शेपटीचे मूळ दाबून पाहतो आणि आकडा सांगतो. मऊपणाचा, चवीचा त्यात एक रुपया नाही. हे मान्य करूनच मी म्हणतो की, पैदासीचे गणित येथूनच सुरू व्हायला हवे. मऊपणा किंवा चरबी हे गुण आनुवंशिक आहेतच. जुळ्यांच्या गुणासारखा एक मोठा जनुक नसेल, पण निवडीला दाद देण्याइतका अंश आहे. मात्र ज्या गुणाला भाव नाही, त्यासाठी कोणताही धनगर आपला उत्तम नर मागे ठेवणार नाही, आणि त्याने ठेवावा असा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही. व्यापाऱ्याची ती दोन बोटे जो थर चाचपतात तोच थर तुमची अल्ट्रासाउंड यंत्रे मोजतात. या दोन मोजमापांची गाठ लोणंदच्या बाजारात घालून पाहावी, अशी यजमान म्हणून माझी विनंती आहे.

व्यवस्थेतल्या उणिवांची यादी मोठी आहे. निवासाच्या खोल्या कमी पडल्यामुळे काही प्रतिनिधींना मंगल कार्यालयात गाद्यांवर झोपावे लागेल. तेथे पंखे आहेत, पण वीज जाते. ध्वनिक्षेपक मध्येच शिट्टी घालतो, त्याला कारागीर बोलावला आहे. भोजनाचे दोन मांडव आहेत. शाकाहारी मांडव उजवीकडे, आणि दोन्हीकडची भांडी वेगळी आहेत, याची खात्री महिला मंडळाने स्वतः उभे राहून केली आहे. पिठले थोडे तिखट झाले असल्यास क्षमा असावी. मंडपाचे भाडे न घेणारे कंत्राटदार, पिण्याचे पाणी देणारे बागायतदार, दूध देणारे संघ, पतसंस्था, औषध विक्रेते, किराणा व्यापारी, गाद्या देणारी दुकाने, आपली कोकरे प्रात्यक्षिकासाठी आणणारे मेंढपाळ, आणि नाव सांगू नका म्हणालेले तिघे, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणाचे नाव राहिले असेल तर दोष माझ्या कागदाचा समजावा.

उद्या सकाळी साडेसहाला बस राजवाड्यासमोरून बाजाराकडे निघेल. टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या, आणि कोकराला हात लावण्याआधी मालकाला विचारा. आता परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो.