आठवीचे वर्ष

(वार्षिक स्नेहसंमेलनात दहावीतील एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मला आठवीच्या वर्षाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा मला थोडे नवल वाटले. दहावीविषयी सगळेच बोलतात. दहावीला बोर्डाची परीक्षा असते, वर्तमानपत्रात निकाल असतो, घरात पेढे येतात. आठवीचे पेढे मी तरी कोणाच्या घरी खाल्लेले नाहीत. परंतु आमच्या सातपूरच्या गल्लीत ज्यांची शाळा सुटली, त्यांतील बहुतेकांची आठवीनंतरच सुटली. म्हणून मी हा विषय आनंदाने घेतला.

माझे नाना खानदेशातून येथील औद्योगिक वसाहतीत कामाला आले. ते सांगतात की त्यांच्या वडिलांच्या काळी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेला मनुष्य मास्तर होत असे, तलाठी होत असे. नाना स्वतः सातवी पास, आणि तेवढ्यावर त्यांना कारखान्यात हेल्परचे काम मिळाले व पुढे ते कायमही झाले. त्यामुळे आमच्या घरात "आठवी झाली म्हणजे पुष्कळ झाले" असे कोणी म्हटले, तर ते अडाणीपणाने म्हटलेले नसते. त्यांच्या वेळी ते खरेच होते. आज त्याच वसाहतीजवळ, त्र्यंबक रोडवर, सरकारी आयटीआय आहे. तेथे फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना दहावी पास लागते. आठवी पासवर वेल्डर, वायरमन असे मोजकेच ट्रेड राहिले आहेत. बाकी आठवी पास मुलासाठी कंत्राटदाराची हजेरी आहे, आणि आठवी पास मुलीसाठी काय आहे ते येथील माता-भगिनींना मी सांगायला नको.

मी आठवीत होते ते वर्ष २०२३-२४. आमची तुकडी जरा वेगळी होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्ही चौथीत होतो. पाचवी आणि सहावीचा बराचसा भाग मोबाइलवर गेला. घरात मोबाइल एकच, आणि तो अब्बांबरोबर पहिल्या पाळीला कारखान्यात जाई. अब्बा दुपारी घरी येत, तोपर्यंत तास संपलेले असत. असे असूनही आम्ही सगळे वरच्या वर्गात गेलो, कारण आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असा नियम होता. आठवीत बैजिक राशी आल्या, तेव्हा बाईंच्या ध्यानात आले की अर्ध्या वर्गाला साधा भागाकार येत नाही. त्या रागावल्या नाहीत. शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी त्यांनी वर्ग सुरू केला, आणि तेरा-चौदा वर्षांची आम्ही मुले तिसरीतल्यासारखी पाढे म्हणू लागलो. प्रथम लाज वाटली. दिवाळीपर्यंत लाज गेली आणि भागाकार आला.

त्याच वर्षी राज्य शासनाने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात, असा नवा नियम झाला. पालकांमध्ये मोठी घबराट होती. मला मात्र ती परीक्षा आवडली. कोणी तरी आमचा पेपर मन लावून तपासणार आहे, असे पुष्कळ वर्षांनी वाटले.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. आमची महापालिकेची मराठी शाळा आठवीपर्यंतच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो २०१० पासून लागू झाला, आणि त्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली तीही आठवीपर्यंतच. म्हणजे शाळा, कायदा आणि आमची दुपारची खिचडी, तिन्ही एकाच दिवशी संपणार होती. तरी नववीला कोठे जायचे, हा प्रश्न आमच्या वर्गात कोणाच्या घरी निघालेला नव्हता. कोणत्याही अब्बांनी "शाळा बंद" म्हटले नव्हते. कोणी काही म्हटलेच नव्हते.

त्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्यानंतर वहीसारखी कोरी पाने होती. (ती योजना पुढे बंद झाली. आम्ही शेवटची पाने रिकामीच ठेवली होती.) जानेवारीत बाईंनी सांगितले, त्या रिकाम्या पानावर तीन हायस्कूलची नावे लिहा, घरापासून अंतर लिहा, चालत की बसने ते लिहा, माध्यम लिहा, आणि खाली वडिलांची सही आणा. गणिताच्या गृहपाठाइतकाच तो गृहपाठ होता. पण त्या सहीसाठी घराघरात जी बोलणी झाली, ती त्यापूर्वी कधी झाली नव्हती. अब्बांनी पान हातात धरून बराच वेळ वाचले आणि विचारले, "हे मार्चमध्येच ठरवायचे असते?" नानी म्हणाल्या, पोरगी आता मोठी झाली, इतक्या लांब एकटी कशी जाणार? जुन्या नाशकातील उर्दू हायस्कूलला जायचे तर बस, आणि जवळच्या मराठी हायस्कूलला जायचे तर हमरस्ता ओलांडून वीस मिनिटे चालणे. नानींचा प्रश्न खोटा नव्हता. अम्मीने त्याचे उत्तर काढले. ती शेजारच्या दोन घरी गेली आणि ठरवून आली की तिघी मुली एकत्र जातील, एकत्र येतील. त्यावर अब्बांनी सही केली.

आमच्या वर्गात समाजाच्या आम्ही सहा मुली होतो. आम्ही तिघी जवळच्या हायस्कूलला गेलो. चौथी जुन्या नाशकात खालाच्या घरी राहून उर्दू माध्यमात शिकते. भाषा बदलल्याने पहिले सहा महिने तिला जड गेले, पण ती टिकली. पाचवीचे कुटुंब गावी परत गेले. सहावीविषयी शेवटी सांगते.

सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्यात म्हटले होते की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली. ही मुले चौदाच्या आतली. चौदानंतरचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या गल्लीत करून पाहावा.

पैशाविषयीही बोलले पाहिजे, कारण पालक प्रथम तेच विचारतात. अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून होती. २०२२ मध्ये केंद्र शासनाने आठवीपर्यंतची बंद केली, तेव्हा अनेकांनी मानले की आता सगळेच बंद झाले. तसे नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनएमएमएस नावाची परीक्षा आहे. ती २००८ पासून चालू आहे. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, आणि मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. ही परीक्षा फक्त आठवीतच देता येते. नववीत जाऊन हळहळण्यात अर्थ नाही. शिवाय अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही, हे आमच्या गल्लीत निम्म्या घरांना ठाऊक नव्हते.

आणि कागद! आठवीच्या शेवटी शाळा सोडल्याचा दाखला हातात पडतो. दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मो., रेशनकार्डावर महमद, असे एकाच बापाचे तीन बाप झालेले मी पाहिले आहेत. शाळेच्या रजिस्टरात नाव असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती होते. नाव निघाले की तेच काम फार किचकट होते. आपल्यात बागवान, तांबोळी, पिंजारी असे अनेक ओबीसीत आहेत, पण दाखल्यावर नुसते "मुस्लिम" लिहिलेले असते. पुढे प्रमाणपत्र काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा मागतात, मग वडिलांकडच्या जुन्या दाखल्याची शोधाशोध सुरू होते. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी दिली आहे. ती घ्यायची तर कागद आत्ताच नीट हवेत. अब्बांनी यासाठी दोन पाळ्यांची रजा टाकली, तेव्हा शेजारी हसले होते. आता तेच शेजारी त्यांना विचारायला येतात.

आता त्या सहाव्या मैत्रिणीविषयी. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. बाईंच्या त्या पानावर सही आणायची राहिली, कारण तिचे अब्बा त्या महिन्यात बाहेरगावी कामावर होते, आणि जून असाच निघून गेला. ती घरी साड्यांना फॉल लावते, ब्लाउजला हूक लावते. तिचे लग्न वगैरे काही ठरलेले नाही. मागच्या महिन्यापासून ती संस्थेच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत येऊ लागली आहे. फॉर्म नंबर १७ भरून तिला खासगीरीत्या दहावीला बसता येते, हे तेथील सरांनी तिच्या अब्बांना समजावून सांगितले. तिच्या दाखल्यावर अम्मीचे नाव चुकीचे पडले आहे. ते दुरुस्त करून घेण्यासाठी तिचे अब्बा सोमवारी आमच्या जुन्या शाळेत जाणार आहेत, आणि मीही बरोबर जाणार आहे.