आठवीचा उंबरठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषी पाहुण्यांना बोलावण्याची आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरवले, की आपल्यातलीच एकजण बोलेल; आणि मला विषय दिला ‘शाळेतल्या मैत्रिणी’. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. परंतु हा विषयच असा आहे, की त्यावर बोलायला पदवी लागत नाही. शाळा प्रत्येकीला असते. कोणाची सात वर्षांची, कोणाची पंधरा वर्षांची, आणि कोणाची नुसती दाराबाहेरून पाहिलेली.

मैत्रिणींची नावे मात्र मी घेणार नाही. त्या आपापल्या घरी नांदत आहेत. त्यांना विचारल्यावाचून त्यांची नावे चारचौघांत घेणे बरे नव्हे. ज्या गुणावरून आम्ही त्यांना ओळखत होतो, त्यावरूनच तुम्हीही ओळखा.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. आपल्या माथाडी वसाहतीत तिकडची पुष्कळ घरे आहेत, तेव्हा तिथल्या पावसाचे वर्णन मी करायला नको. पाऊस पडत नाही म्हणूनच तर आपल्या घरचे पुरुष मुंबईला ओझी उचलायला आले. गावात जिल्हा परिषदेची शाळा होती, ती सातवीपर्यंत. १९९४ साली आमचा वर्ग सातवी पास झाला. मुलगे पुष्कळ होते. मुली आम्ही अकराजणी.

निरोपाच्या दिवशी गुरुजींनी एक गंमत केली. ‘मी मोठेपणी कोण होणार’ हा निबंध सगळ्यांनी लिहिलेलाच असतो. त्यांनी सांगितले, “स्वतःचे नको. शेजारी बसलेली मोठेपणी कोण होईल, ते सांगा.” मुली आधी लाजल्या, मग अशा काही सुटल्या, की गुरुजींना टेबलावर पट्टी आपटावी लागली.

अंकगणितात पहिली येणारी होती, तिच्याविषयी ठरले, की ही बँकेत नोटा मोजील. एकीचा आवाज असा, की पलीकडच्या वस्तीवरची माणसे वळून पाहत; ती एस. टी. ची कंडक्टर होणार. कोणाचा गुडघा फुटला, की आपल्या ओढणीचा काठ फाडून हळद लावून बांधणारी एक होती, ती नर्स. जिचे अक्षर मोत्यासारखे, ती मास्तरीण. भांडकुदळ होती, ती वकील. गाणारी रेडिओवर गाणार. आणि माझ्याविषयी शेजारीण म्हणाली, “ही मुंबईला जाईल.” माझे भविष्य तेवढे तंतोतंत खरे झाले, फक्त कुंकू लावून आणि ट्रंक घेऊन जाईल, एवढे सांगायचे तिने बाकी ठेवले.

पुढे जूनमध्ये शाळा उघडल्या. हायस्कूल सहा किलोमीटरवर, बाजाराच्या गावी. अकरांतल्या चौघी आठवीत गेल्या. सातजणी घरी राहिल्या, त्यांतली मी एक.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फी नव्हती म्हणून आम्ही राहिलो, असे नाही. मुलींची फी सरकारने १९८५ च्या सुमारासच माफ केली होती. अडले ते निराळ्याच गोष्टींवर. सकाळची एक एस. टी.; ती चुकली, की पायी. पासाला पैसे. आई रोजगार हमीच्या कामावर गेली, की धाकट्या भावाला कोण बघणार? टँकर आला, की हंडे कोण भरणार? आणि सर्वांत मोठी भीती रस्त्याची. वाटेत ओढा, बाभळीचे रान, आणि वयात येणारी पोर. माझी आई वाईट नव्हती. तिने सहा किलोमीटर मोजले आणि मला घरी ठेवले. पुढे १९९६-९७ पासून मुलींना शाळेसाठी एस. टी. चा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मिळू लागला. गावच्या मुली मग घोळक्याने हायस्कूलला जाऊ लागल्या, आणि घोळका झाला, तशी रस्त्याची भीतीही कमी झाली. तो पास आम्हाला दोन वर्षे उशिरा आला.

लग्न होऊन मी येथे आले. पहाटे मालकांचा डबा करताना, भाकऱ्या थापताना मन रिकामे असते. तेव्हा मी त्या दहाजणींना त्या दिवशी ठरलेल्या जागी बसवून पाहत असे. बँकेत गेले, की काचेमागे ती दिसते का, असे वाटे. एस. टी. त घंटीची दोरी ओढणारी बाई दिसली, की तोंडाकडे पाहत असे. पण खरी हकीकत कळली ती गावच्या यात्रेला आणि लग्नकार्याला भेटल्यावर. ती अशी.

अंकगणितवाली सातवीनंतर घरी राहिली होती. आज ती सासरी दूध संकलन केंद्र सांभाळते. फॅट किती, त्यावर दर किती, दहा दिवसांचे बिल किती, हे ती यंत्राआधी तोंडी सांगते. गावच्या बचत गटाचा हिशेबही तिच्याकडे. बँकेत ती गटाचे पैसे भरायला जाते, काचेच्या अलीकडून. मोठ्या आवाजाची होती, तिच्या गावचे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झाले तेव्हा ती सरपंच झाली. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या ग्रामसभेला तिच्या नवऱ्याने तिच्याऐवजी बोलायला सुरुवात केली. तिने त्याला ज्या आवाजात खाली बसवले, तो आवाज वस्तीपर्यंत गेला म्हणतात.

आठवीत गेलेल्या चौघींपैकी भांडकुदळ वकील झाली नाही. बारावी व डी. एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. पोरांची भांडणे सोडवण्यात आपला दिवस जातो, असे ती सांगते. एक दहावी होऊन अंगणवाडी सेविका झाली. एक दहावीला इंग्रजीत राहिली आणि तिचे लग्न झाले. तेव्हा शिकायला गेलेल्या सगळ्याच पार पोचल्या, असे मी म्हणत नाही.

गाणाऱ्या मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी केले. मुलीला अठरा पुरी हवीत, हा कायदा १९७८ पासून होता. गावात तो कोणी विचारला नाही. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. बाळही गेले. तिच्याविषयी याहून अधिक मला बोलवत नाही.

आता राहिल्या दोघी : जखमा बांधणारी आणि मोत्यासारख्या अक्षराची. ज्यांच्यासाठी मी आज हे सगळे बोलते आहे, त्या याच. पहिली नववीपर्यंत शिकली. दुसरी तिच्याहून किती तरी हुशार, पण ती आमच्याबरोबर सातवीला थांबली. योगायोगाने दोघी एकाच गावी दिल्या गेल्या. २००५ साली केंद्र सरकारने ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले, आणि गावोगाव ‘आशा’ नेमण्याची योजना आली. आशा म्हणजे गरोदर बाईला दवाखान्यात पोचवणारी, बाळांच्या लसींवर लक्ष ठेवणारी, गावातलीच बाई. पुढे त्या दोघींच्या गावातही नेमणूक निघाली. दोघींनाही कामाची गरज होती. अक्षरवालीला अधिक, कारण तिचा नवरा आजाराने घरी बसलेला. अट होती आठवी शिकलेली असण्याची. ही सातवी.

एक इयत्ता, भगिनींनो. एकच.

जखमा बांधणारीची निवड झाली, आणि ती योग्यच झाली. मानधन थोडे, तेही कामावर मोजून. पण आज तिच्या शब्दाला गावात मान आहे. तिचा तो अर्ज पुढे मी पाहिला. काय सुरेख अक्षर! तिला म्हटले, “एवढे चांगले अक्षर तुझे कधी झाले?” ती म्हणाली, “माझे कुठले? तिनेच लिहून दिला.” जिला अर्ज करता येत नव्हता, तिने मैत्रिणीचा अर्ज लिहून दिला होता.

पुष्कळ दिवस मी या गोष्टीचा विचार करत होते. आम्ही बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी एकमेकींविषयी जे सांगितले, ते खरे म्हणजे फारसे चुकलेले नाही. हिशेबवाली हिशेबच करते. आवाजवालीचा आवाज उपयोगी पडला. बांधणारी बांधते आहे. माणसाचा गुण मैत्रिणीला बरोबर दिसतो. आम्हाला दिसले नाही ते एवढेच, की पुढच्या प्रत्येक दारावर इयत्ता लिहिलेली असते. आशाला तेव्हा आठवी. अंगणवाडी सेविकेला पूर्वी दहावी लागे, आणि मदतनीस सातवीवर होता येई. २०२३ पासून दोघींनाही बारावी लागते. गावात येणाऱ्या नर्सबाईच्या कोर्सला पूर्वी दहावी चाले, आता बारावी. पोलिसात जायला बारावी. म्हणजे आपण खाली उभ्या आहोत आणि उंबरठा वर वर चालला आहे. आमच्या वेळी एक इयत्ता कमी पडली. आज जी मुलगी दहावीला थांबेल, तिला दोन कमी पडतील.

तुम्ही म्हणाल, ही गावाकडची गोष्ट. येथे नवी मुंबईत शाळा कोपऱ्यावर आहे. खरे आहे. पण आपल्याच ओळीत दहावीनंतर घरी बसलेल्या मुली मला दिसतात. एकीची आई घरकामाला जाते आणि धाकटे भावंड सांभाळायचे आहे. एकीला कॉलेज लांब, आणि स्टेशनवरून रात्री घरी येण्याची भीती. एकीची मागणी आली आहे. ओढ्याच्या जागी स्टेशनचा पूल आला, बाभळीच्या जागी अंधारा रस्ता. कारणे तीच आहेत. आणि ज्या आया हे ठरवतात त्या माझ्या आईसारख्याच आहेत, वाईट नव्हेत. म्हणून त्यांना दोष देऊन काही होणार नाही. त्यांच्या अडचणीतला एखादा हंडा आपण उचलला पाहिजे.

या दृष्टीने मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते.

पहिली. दहावीचा निकाल लागला, की आपण हळदीकुंकवाला जशा घरोघर जातो, तशा दोघीदोघींनी मुलींच्या घरी जावे आणि एवढेच विचारावे, “पुढे कुठे नाव घातले?” विचारणारे कोणी आहे, एवढ्याने पुष्कळदा गोष्ट टळते.

दुसरी. कॉलेजला जाणाऱ्या मुलींचा घोळका करावा, आणि रात्री उशीर होणाऱ्यांना स्टेशनवरून आणायला पाळीपाळीने आपल्यापैकी दोघी जाव्यात. संध्याकाळी गप्पा मारायला आपण कट्ट्यावर बसतोच. तेवढीच पावले पुढे. आणि ज्या आईचे धाकटे मूल अडते, त्याला दुपारी मंडळाच्या शिवणवर्गात बसवून घ्यावे.

तिसरी सूचना आपल्यासाठी. ज्यांची शाळा सुटली, त्यांना बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत रोज न जाता, दहावीची परीक्षा देता येते. त्याला पाचवी पास पुरते, आणि वयाची वरची मर्यादा नाही. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो ट्रंकेच्या तळाशी शोधावा. लग्नानंतर शिकणे ही काही आजची टूम नव्हे. रमाबाई रानडे सासरी आल्यावर शिकल्या, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे बोलणे सोसून शिकल्या, आणि पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे करून त्यांनी थोराड बायकांना वर्गात बसवले. आपली शिवणवर्गाची खोली रात्री आठ ते साडेनऊ मोकळी असते. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या दोन मुलींनी इंग्रजी व गणित शिकवण्याचे कबूल केले आहे.

या वर्गासाठी आतापर्यंत चार नावे आली आहेत. त्यांत एक नाव माझे आहे. हे मी घरी अजून बोलले नव्हते. मालक मागे तिसऱ्या खुर्चीवर बसले आहेत. त्यांना आत्ताच कळले. ते हसत आहेत, त्या अर्थी रात्रीचे जेवण साडेसातला उरकायला त्यांची हरकत नसावी.

उरलेली नावे सहचिटणीस वहिनींकडे द्यावीत. येत्या शनिवारी त्या वही घेऊन खोलीत बसणार आहेत. ज्यांना स्वतःचे नाव द्यायचे नाही, त्यांनी आपल्या ओळीतल्या एखाद्या मुलीचे सांगावे. तेही चालेल; नव्हे, तेच आधी हवे.