सीबी पॉइंट ठेवायचा की काढायचा?

रोहिणखेडहून बोलतोय. मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच : "भाऊ, आजोबांची बुलेट आहे. पॉइंट काढून सीडीआय टाकू का?" आज तेवढ्यावरच बोलू. डोळ्यासमोर आमच्या घरची १९७८ ची साडेतीनशे ठेवा. सहा व्होल्टची, अजून शेतावर जाते.

आधी पॉइंट करतो काय ते बघू. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. कॅमचा उंचवटा आला की पॉइंट उघडतो, करंट तुटतो, आणि त्या तुटण्याच्या झटक्यातून कॉइल हजारो व्होल्ट तयार करून प्लगला देते. ठिणगी पॉइंट मिटल्यावर पडत नाही, उघडल्यावर पडते. एवढं डोक्यात बसलं की निम्मी मेकॅनिकी आली समजा. बाजूचा कंडेन्सर पॉइंटवरच आग उडू नये म्हणून असतो.

आता हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर बुलेटचा पॉइंट त्याच मिनिटात १५०० वेळा उघडतो. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागं पडतं. मग गाडी तापते, चढाला मरते. मोताळ्याहून बुलडाण्याला जाताना राजूर घाटात हे लगेच कळतं. इलाज मात्र सोपा : गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी असताना पॉइंट उघडायला हवा. हेडलाइटवरच्या अॅम्पमीटरची सुईच सांगते. पॉइंट मिटलेला असताना ती मायनसकडे झुकते, उघडला की शून्यावर येते. वेगळं यंत्र लागत नाही, चावी ऑन असली की झालं.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये पॉइंटच्या जागी चुंबक आणि सेन्सर येतो, करंट तोडायचं काम बॉक्स करतो. घासणारं काही नाही, त्यामुळे टायमिंग एकदा लावलं की टिकतं. किकही सोपी होते, हे खरं आहे. आपल्याकडे प्रत्येक बॉक्सला सीडीआय म्हणतात, पण दोन जाती आहेत. खरा सीडीआय कपॅसिटरमध्ये वीज साठवून कॉइलमध्ये एकदम सोडतो. दुसरा, ट्रान्झिस्टरवाला, पॉइंटसारखाच नुसता करंट तोडतो. दोघांच्या कॉइल वेगळ्या. म्हणून किटसोबत सांगितलेलीच कॉइल घ्या, आणि प्लगची टोपी रेझिस्टरवाली लावा, नाहीतर बॉक्स बावचळतो.

आता पैसे जातात कुठं ते ऐका. बरेचसे किट बारा व्होल्टचे. सहा व्होल्टच्या गाडीत मग बॅटरी, बल्ब, हॉर्न, रेग्युलेटर, आणि बहुतेक वेळा चार्जिंगची कॉइलसुद्धा बदलावी लागते. किटच्या किमतीत हे कोणी धरत नाही. बॅटरी अर्धमेली असेल तर पॉइंटवाली गाडी ढकलून तरी चालू होते. काही बॉक्स मात्र कमी व्होल्टेजला भलत्याच वेळी ठिणगी देतात, आणि बुलेटची किक उलटी आली तर पाय मोडू शकतो! तसंच काही बॉक्समध्ये अॅडव्हान्स आतच असतो. तेव्हा जुना वजनांचा ऑटो अॅडव्हान्स लॉक करावाच लागतो, नाहीतर दोन्ही अॅडव्हान्स एकावर एक चढतात.

आणि शाफ्टचा बुश ढिला असेल तर? हातानं हलवून बघा. खेळ असेल तर आधी बुश. तो तसाच ठेवून किट बसवलं तर टायमिंग डळमळतच राहणार.

माझं मत विचाराल तर रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्यानं बारा व्होल्ट आणि किट जरूर करावं. पण जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि जुनी कॉइल टूलबॉक्समध्ये ठेवावी. बॉक्स गेला की गेला, धामणगाव बढेच्या रस्त्यावर रात्री तो कोणी उघडून देणार नाही. पॉइंट मात्र पॉलिश पेपरच्या तुकड्यावर घरी आणतो.

आमच्या गाडीला मी मधला मार्ग घेतलाय. पॉइंट तोच, फक्त कॉइलचा करंट एक छोटं ट्रान्झिस्टरचं सर्किट तोडतं. पॉइंटला नुसता इशारा द्यायचा, म्हणून तो जळत नाही. टाच झिजते, तेवढं वर्षातून एकदा बघायचं. सर्किट गेलं तर एक वायर बदलून, कंडेन्सर जोडून जुन्या पद्धतीवर यायचं. सहा व्होल्टवर चालेल असं सर्किट मागून घ्या, मिळतं.

अजून एक. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. आमची २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. शेतावर कशानं जायचं मग? त्यामुळे आम्ही काही त्या वाटेला जाणार नाही. तुमचा तसा विचार असेल तर काढलेला एकही स्क्रू भंगारात देऊ नका.

किट बसवताना कुठली वायर कुठं जाते ते विचारायचं असेल तर गाडीचं वर्ष आणि व्होल्ट दोन्ही लिहा. नुसतं "जुनी बुलेट" लिहिलं तर मला काही सांगता येत नाही.