बाळंतिणीची पाठ अचानक दुखते तेव्हा



आयोजकांनी ‘महिलांचे आरोग्य’ असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच आजार घेते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण माझ्या मामेबहिणीला बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात हा आजार झाला. त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते सांगते.

हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरला की रक्त थरांच्या मध्ये शिरतं आणि भिंत उकलत जाते. याला एऑर्टिक डिसेक्शन म्हणतात. हृदयाजवळ चीर पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सुरुवातीला दर तासागणिक मृत्यूचा धोका एक-दोन टक्क्यांनी वाढतो. ‘सकाळी बघू’ इथे चालत नाही.

गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्के वाढतं, हृदयाचं काम वाढतं आणि संप्रेरकांमुळे धमनीची भिंतही बदलते. अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या सुमारे 49 लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास 2016 मध्ये आला. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे तीन महिने धरून दहा लाखांमागे 5.5 जणींना हा त्रास झाला. वर्षभरानंतर तेवढ्याच काळात 1.4 जणींना. म्हणजे चौपट, तरीही दुर्मिळच. पण दुर्मिळ म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही.

बहिणीला दोन्ही खांद्यांच्या मध्ये एकदम कळ आली, काहीतरी फाटल्यासारखी. घरात कुणी गॅस म्हणालं, कुणी हवा लागली म्हणालं, खालाने नजर उतरवली. एका दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजी नॉर्मल असला तरी हा आजार असू शकतो, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरने दोन्ही हातांचं बीपी घेतलं. फरक मोठा होता. लगेच सीटी अँजिओग्राफी, रात्रीच ऑपरेशन. ती वाचली.

नंतर कळलं, तिला मार्फन सिंड्रोम आहे. उंच, लांब बोटं, जाड चष्मा. मामू ऐन चाळिशीत ‘हार्ट अटॅक’ने गेले होते, तेही तसेच होते. हा दोष आई किंवा वडील, एकाकडूनच येऊ शकतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याकडे काहीही झालं की चुलत-मामे लग्नांवर खापर फुटतं. त्या लग्नांचे इतर धोके आहेतच, पण इथे ते कारण नाही. अशा बाईने मूल होऊ देण्याआधी इको करून महाधमनी मोजावी. मार्फनमध्ये ती 45 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर डॉक्टर आधी ऑपरेशनचा सल्ला देतात. ही गोष्ट लग्नात लपवली जाते, कारण स्थळ मोडेल अशी भीती असते. मुलांनो, तुमच्या होणाऱ्या बायकोच्या घरात असं काही असेल, तर ते मोकळेपणाने सांगता येईल असं वातावरण तुम्हीच ठेवायचं आहे.

आपल्या घरांत चिल्ला संपला, चाळिसावं न्हाणं झालं की बाळंतीण बरी झाली असं धरतात. धोका मात्र तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. आणि रात्री पुरुष डॉक्टर असला तर? जिवावर बेतलं असताना पुरुष डॉक्टरने तपासायला दीनची मनाई नाही, हे आलिमही सांगतात. सासऱ्यांची परवानगी येईपर्यंत थांबणं हा निव्वळ रिवाज आहे.

छातीत किंवा पाठीत अचानक, असह्य कळ आली, सोबत चक्कर किंवा हातापायात बधिरपणा असला, तर 108 ला फोन करा. दवाखान्यात ‘ही बाळंतीण आहे, घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलं आहे, महाधमनीचं काही नाही ना?’ असं स्पष्ट विचारा. बाळ पोटात असलं तरी छातीच्या सीटीतून त्याला फार थोडं रेडिएशन पोहोचतं, तेवढ्यासाठी तपासणी टाळू नका.

आता प्रश्न विचारा. मुलींनी चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालेल.