कृतिपत्रिका आणि मुलांचे हात
(महोत्सवप्रसंगीं पालकांपुढें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आम्ही प्रथम आमचीच एक चूक आपणांपुढें मांडितों. रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांत सर्व इयत्तांच्या मुलांस आम्ही एकच छापील कृतिपत्रिका वांटीत असूं. रिकाम्या जागा भरल्या, जोड्या लाविल्या, कागद गोळा झाले, कीं आम्ही संतुष्ट. प्रथम परमप्रसादाच्या तयारींतील एका मुलाचा कागद निर्दोष होता. तोच मोठ्यानें वाचावयास सांगतांच तो मान खालीं घालून उभा राहिला. त्यास वाचतां येत नव्हतें. शेजाऱ्याच्या कागदावरील अक्षरें त्यानें चित्रासारखीं उतरविलीं होतीं. मुलास दोष काय द्यावा? कागद तपासणारे आम्हीच होतों.

त्यानंतर सातारा तालुक्यांतील कुमठे बीटाच्या जिल्हा परिषद शाळांची हकीकत आम्हीं लक्षपूर्वक वाचिली. तेथें शिक्षकांनीं फरशीवर चौकटी आखल्या. मुलें खडे, मणी, काड्या हाताळूं लागलीं, आणि दहा काड्यांची जुडी स्वतः बांधून दशक ओळखूं लागलीं. 2015 सालीं सरकारनें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढिला, त्या सुमारास ठिकठिकाणचे शिक्षक हें काम पाहावयास तेथें जात.

ही कल्पना आजची नव्हे. मारिया मॉन्तेसोरी या कॅथलिक विदुषीनें 6 जानेवारी 1907 रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशीं, रोम शहरांत आपलें पहिलें बालगृह उघडिलें. खरखरीत कागदाचीं अक्षरें करून तीं तिनें मुलांच्या बोटांस आधीं शिकविलीं. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 पासून बोर्डीस व पुढें कोसबाडास महागड्या साहित्याऐवजीं बिया, शिंपले, पानें घेतलीं.

मग पलुसास साहित्याची वाण ती काय? द्राक्षाची बागच घ्या. पहिलीच्या मुलानें एका काडीचीं पानें मोजावीं. तिसरीच्यानें ओळी व ओळींतील वेली यांचा गुणाकार करावा. सातवीच्या मुलीनें ओळींतील व वेलींतील अंतरावरून एकरीं वेली किती बसतात तें काढावें. बाग एक, काम ज्याच्या त्याच्या वयाचें. कृतिपत्रिका हवीच; परंतु ती शेवटीं, हातानें जें केलें तें लिहून ठेवण्यासाठीं. शेजारीं किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 पासून आहे. फळ्यावर लेथ काढून तेथें कोणी कारागीर झाला नाहीं, हें आपणांपैकीं पुष्कळांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

धर्मशिक्षणांतही आम्हीं क्रम बदलला. पेरणाऱ्याच्या दृष्टांताकरितां लहान मुलांनीं तीन कुंड्यांत दाणे टाकिले: एकींत काळी माती, दुसरींत खडे, तिसरींत काटेरी गवत. मोठीं मुलें शुभवर्तमानांतील दृष्टांत त्यांस वाचून दाखवीत, आणि काय उगवलें, काय करपलें, याची नोंद ठेवीत. वर्गांत गलबला फार झाला, हें मान्य आहे. अभ्यासक्रमही मागें राहिला, आणि कांहीं पालकांनीं त्याबद्दल आमच्याकडे तक्रार केली. तीही रास्तच होती.

त्या कुंड्या आज मंदिराच्या दाराशीं ठेविल्या आहेत. मिस्सा झाल्यावर जरूर पाहाव्या. त्यांवरील चिठ्या त्याच मुलानें लिहिल्या आहेत. ‘खडकाळ’ या शब्दांतला ‘ळ’ राहून गेला आहे. आम्हीं तो घातला नाहीं.