पराभवापुढचा शेरा



 क्रीडालेखकांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून, ज्या एका प्रश्नाने मला दीर्घकाळ अस्वस्थ ठेवले आहे तोच आपल्यापुढे मांडावा, हे मला उचित वाटते. प्रश्न असा की, ज्या मल्लाचे अथवा मुष्टियोद्ध्याचे अंग ऐन झुंजीत निकामी झाले, आणि त्या एकाच कारणाने ज्याच्या नावापुढे हार लिहिली गेली, त्याच्या कीर्तीतून ती हार वजा करावी की करू नये?

या प्रश्नाचे आपल्या घरचे उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली त्याला हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. आणि तेथे त्याने मिळवलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, एवढे आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. परंतु त्या स्पर्धेचा उत्तरार्ध आपण घाईने उरकतो. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवल्यानंतर खाशाबांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. ती कुस्ती दीर्घकाळ चालली आणि थोडक्यात हातची गेली. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम असता, अंगावरचा घामही निपटला नव्हता तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हपुढे उभे करण्यात आले. नियमाचा दाखला देऊन तकरार नोंदवील असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी आखाड्यापाशी हजर नव्हता. खाशाबा हरले. इशीला सुवर्ण मिळाले, ममादबेयोव्हला रौप्य, आणि निकालपत्रकात आपल्या मल्लाच्या नावापुढे दोन हारी अगदी सारख्या अक्षरांत लिहिल्या गेल्या.

त्या दोन हारी सारख्या आहेत काय? पहिली इशीने मिळवलेली आहे. तो त्या दिवशी सरस ठरला, आणि आपल्या प्रेमापोटी त्याच्या श्रेयातला कणही कमी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी हार मात्र ज्यांनी विश्रांती नाकारली आणि ज्यांनी ती मागितली नाही, त्यांच्या खाती पडली पाहिजे. दमलेल्या देहाची हार आणि दुखावलेल्या देहाची हार यांत मी तत्त्वतः भेद मानत नाही. दोहोंतही कौशल्य शाबूत असते आणि त्याचा हुकूम अंगावर चालत नाही. पुढल्या ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने खाशाबांची वाटचाल रोखली, आणि ज्या मल्लाने पोलीस खात्यात इमानाने नोकरी केली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. एवढ्या मोठ्या माणसाच्या चरित्रातही त्या अर्ध्या तासाची नोंद कशीबशी एका वाक्यात होते, याचे मला दुःख आहे.

मुष्टियुद्धाच्या जगात हाच प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो युक्रेनच्या व्हिताली क्लिच्को या हेवीवेट योद्ध्याच्या बाबतीत. एकंदर ४७ लढतींपैकी ४५ त्याने जिंकल्या, त्यांतील ४१ प्रतिस्पर्ध्यांना अखेरच्या फेरीपूर्वीच गारद करून. आणि ज्या दोन हरला त्या दोन्ही दुखापतीमुळे. १ एप्रिल २००० रोजी बर्लिनमध्ये ख्रिस बर्डविरुद्ध नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर तो स्पष्टपणे पुढे होता, परंतु डाव्या खांद्याचे स्नायू फाटले होते. दहाव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठला नाही. अमेरिकेतल्या समीक्षकांनी तेव्हा त्याच्यावर कच्च्या काळजाचा शिक्का मारला. २१ जून २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये लेनॉक्स लुईसविरुद्धही सहा फेऱ्यांअखेर तिन्ही पंच त्यालाच पुढे देत होते; पण तिसऱ्या फेरीत लुईसच्या उजव्या ठोशाने डाव्या डोळ्यावर झालेली जखम इतकी खोल होती की डॉक्टरांनी लढत थांबवली, आणि हा मनुष्य ‘थांबवू नका’ म्हणून गयावया करीत राहिला. त्या रात्रीनंतर कच्च्या काळजाची भाषा कोणी केली नाही.

या दोन हारी एकाच दुखापतीच्या सदरात घालणे हा मला न्याय वाटत नाही. बर्डच्या लढतीत खांदा आपणहून दगावला. बर्डच्या कोणत्याही ठोशाने तो फाटला नव्हता. ती हार क्लिच्कोच्या कीर्तीतून वजा करू नये, असा माझा स्पष्ट फैसला आहे. लुईसच्या लढतीत मात्र जखम ही लुईसच्या नियमशुद्ध ठोशाची कमाई होती. जखम करणे हे मुष्टियुद्धातले एक शस्त्रच आहे. आणि नाक चिरून रक्ताची धार लागलेली असता, १७ सप्टेंबर १९५४ रोजी एझर्ड चार्ल्सला आठव्या फेरीत लोळवणारा रॉकी मार्सियानो जर आपण थोर मानतो, तर जखमेपुढे थांबावे लागलेल्याच्या खात्यावर थोडे तरी ऋण राहतेच. तेवढे क्लिच्कोच्या खाती मी ठेवतो. मात्र हेही ठेवतो की १८ फेब्रुवारी २०१२ रोजी म्युनिकमध्ये डेरेक चिसोराविरुद्ध त्याच डाव्या खांद्याचा अस्थिबंध फाटला, आणि चाळिशी उलटलेला हा योद्धा प्रामुख्याने उजव्या हाताने बारा फेऱ्या लढून गुणांवर जिंकला.

आपल्या देशातला या गटाचा योद्धा म्हणजे सतीश कुमार. ऑलिंपिकमध्ये उतरलेला हा भारताचा पहिला सुपर हेवीवेट. टोकियोत जमैकाच्या रिकार्डो ब्राऊनवर विजय मिळवताना त्याच्या चेहऱ्यावर दोन जखमा झाल्या आणि तेरा टाके पडले. तेच टाके घेऊन १ ऑगस्ट २०२१ रोजी तो उझबेकिस्तानच्या बाखोदिर जलोलोव्हपुढे उभा राहिला, आणि पाचही पंचांनी त्याच्या विरुद्ध कौल दिला. जलोलोव्ह त्या दिवशी धडधाकट सतीशलाही कदाचित भारी पडला असता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पुढे सुवर्णपदक त्यानेच नेले. परंतु शेवटच्या घंटेपर्यंत सतीश उभा होता, आणि ते त्या ०-५ मध्ये कोठे दिसते?

चीत होणे आणि शेवटपर्यंत उभे राहणे यांतला हा भेद आमच्या तांबड्या मातीतल्या कुस्तीने पूर्वीपासून ओळखला आहे. पाठ मातीला लागली तर हार. आणि निकालच लागला नाही तर पंच ती कुस्ती बरोबरीत सोडवतात, व फडातून निघताना दोन्ही पैलवानांच्या चिरमुटल्या कानांना सारखाच मान मिळतो. गादीवरच्या कुस्तीने आणि मुष्टियुद्धाच्या चौकोनाने ही तिसरी जागा जवळजवळ पुसून टाकली आहे.

आपण ज्या भिवंडीत जमलो आहोत तेथल्या माणसांना माझे म्हणणे फोड करून सांगावे लागणार नाही. यंत्रमागावरून उतरलेल्या ताग्यात खोट निघाली की ती विणकराची की सुताची, यावर तपासणीच्या टेबलापाशी वाद होतो, कारण कापली जाते ती कारागिराची मजुरी. खोट लपवा असे कोणी म्हणत नाही. ती कोणाची, एवढे लिहा म्हणतात.

मीही तेवढेच मागतो. हार खोडून टाका असे मी म्हणत नाही. १९७३ साली सॅन डिएगोत जबडा मोडलेल्या अवस्थेत केन नॉर्टनकडून गुणांवर हरलेल्या मुहम्मद अलीच्या नावापुढची ती हार आजही तशीच उभी आहे, आणि त्याच वर्षी त्याने तिची परतफेड केली ही नोंदही तिच्याच खाली आहे. रिओत २०१६ साली सुन यानानशी लढताना गुडघा निखळून स्ट्रेचरवरून बाहेर न्यावी लागलेली विनेश फोगाट दोन वर्षांनी जकार्तात त्याच प्रतिस्पर्धिनीला हरवते, तेव्हा पहिल्या नोंदीचे कारण ठाऊक असल्यावाचून दुसरीचा अर्थ लागत नाही. दफ्तरातली नोंद अबाधित राहो. तिच्यापुढे कारणाचा शेरा असावा, आणि तो लिहिण्याचे काम पंचांचे नसून आपले आहे, कारण पंचाला त्या क्षणी फक्त हात उंचावायचा असतो.

म्हणून या व्यासपीठावरून माझी विनंती अशी. येत्या जत्रांच्या हंगामात या तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या ज्या ज्या फडावर आपण वार्ताहर म्हणून बसाल, तेथे जिंकणाऱ्याचे नाव आणि इनामाची रक्कम एवढ्यावर लेखणी थांबवू नका. हरलेल्या पैलवानाकडे जा, त्याच्या वस्तादाला विचारा, खांदा उतरला होता की डाव चुकला होता ते समजून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ते त्याच्या नावापुढे लिहा.